टाकीतील गोगलगाय आणि एक शतकापूर्वीचा प्रश्न

१/ विश्रांतवाडीतील आमच्या घरी माशांच्या टाकीत पाणवनस्पतींबरोबर दोन गोगलगायी नकळत आल्या. काही महिन्यांत त्या मोजण्यापलीकडे गेल्या. चकतीसारख्या, तपकिरी शंखाच्या या जीवाचे शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. एकटी असली तरी प्रजनन करू शकते. पानाखाली चिकटलेला पारदर्शक चिकट थर म्हणजे तिची अंडी.

२/ आज हा छंद आहे. एक शतकापूर्वी मात्र अशी गोगलगाय पाळणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम होते.

३/ बिल्हार्झिया हा रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीचा रोग. त्याची अंडी मलमूत्रातून पाण्यात जातात, त्यांतून निघालेला जीव गोगलगायीत वाढतो, बाहेर पडतो आणि माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतो. गोगलगायीचा हा वाटा जपानमध्ये मियाइरी व सुझुकी यांनी १९१३ मध्ये दाखवला. १९१५ मध्ये लायपर यांनी इजिप्तमध्ये.

४/ त्याच सुमारास महायुद्ध पेटले. आमच्या शेजारच्या खडकीतील बॉम्बे सॅपर्स मेसोपोटेमियात लढत होते. तो प्रदेश आणि इजिप्त, दोन्हीकडे हा रोग होता. परतणाऱ्या सैनिकांबरोबर तो येथील तळ्यांत रुजेल का?

५/ उत्तर गोगलगायींनाच विचारावे लागणार होते. परळच्या प्रयोगशाळेतील (१९२५ पासूनची हाफकिन संस्था) लिस्टन व सोपारकर यांनी १९१८ मध्ये गुरांच्या अशाच एका रक्तकृमीच्या जीवनक्रमावर लेखन प्रसिद्ध केले. त्या कृमीला आश्रय देणारी गोगलगाय हीच, माझ्या टाकीतली!

६/ अशा प्रयोगातील खरी मेख पैदाशीत असते. तळ्यातून आणलेल्या गोगलगायीत संसर्ग आधीपासूनच असू शकतो. म्हणून स्वच्छ पाण्यात, अंड्यापासून वाढवलेली गोगलगाय हवी. तरच निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो.

७/ केम्प व ग्रेव्हली यांनी १९१९ मध्ये मानवी कृमीसाठी भारतीय गोगलगायी तपासल्या. निष्कर्ष नकारार्थी आला. देश निर्धास्त झाला.

८/ मग १९५२. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात मूत्राशयाच्या बिल्हार्झियाचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ व शहा यांनी जाहीर केले. संशय गेला तो फेरिसिया टेन्युइसवर: जेमतेम काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची, सहज नजरेतून सुटणारी गोगलगाय.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून मोठा धडा मिळतो. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘जिथे शोधले तिथे आढळले नाही’ एवढाच असतो. १९१९ चा प्रयोग खोटा नव्हता. त्याच्या आधारे बाळगलेला निर्धास्तपणा मात्र पुराव्याहून मोठा होता. दप्तरे वाचतानाही आपण हीच चूक करतो.

१०/ आणि छंदिष्टांना विनंती: तळ्यातील गोगलगायी थेट टाकीत आणू नका, टाकीतल्या जास्तीच्या गोगलगायी मुळेत किंवा ओढ्यात सोडू नका. कोणती गोगलगाय कोणाला आश्रय देईल, हे काचेबाहेरून दिसत नाही.