ऐकू येतं, कळत नाही

पोर्तुगालचा राजा सहावा जॉन कानाने अधू होता. गोव्यावरही तेव्हा त्याचंच राज्य. १८१९च्या सुमारास लंडनच्या रेन या कारागिराने त्याच्यासाठी एक खुर्ची घडवली. तिच्या हातांच्या टोकाला जबडा उघडलेले सिंह. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याने गुडघे टेकून त्या जबड्यात बोलायचं. आवाज पोकळ हातांतून नळीत आणि नळीतून राजाच्या कानात. कानाला लावायच्या साध्या कर्ण्याचंही काम असंच चाले. बोलणाऱ्याला जवळ यावंच लागे आणि खोलीतल्या गलक्यात मिसळण्याआधी शब्द कानाशी पोचत.

विजेच्या यंत्रांनी ही सक्ती संपवली. १९५२ साली अमेरिकेत श्रवणयंत्रात ट्रान्झिस्टर आला, बॅटऱ्यांचं ओझं उतरलं. पण बोलणं आणि भांड्यांचा खणखणाट, दोन्ही सारखेच वाढू लागले.

नुसता आवाज वाढवून भागत नाही, हे त्याआधी दुसऱ्या महायुद्धातच कळलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी, डेशॉन लष्करी रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ रेमंड कारहार्ट कान गेलेल्या सैनिकांना वेगवेगळी यंत्रं लावून बघत. किती हळू सूर ऐकू येतो, एवढ्यावर ते थांबत नसत. शब्द ऐकवून परत म्हणायला लावत. लष्करी संदेशयंत्रांच्या पारखीसाठी हार्वर्डमध्ये बांधलेल्या पन्नास-पन्नास शब्दांच्या याद्याही पुढे कानाच्या दवाखान्यांत आल्या. दोन माणसांचे सूर ऐकण्याचे आलेख हुबेहूब सारखे, पण एकाला जवळपास सगळे शब्द कळतात आणि दुसऱ्याला निम्मेही नाहीत, हे आता आकड्यांत दिसू लागलं.

मी मुंबईत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. माझ्या खोलीत हेच रोज घडतं. काठ, पाठ, साठ, ताठ. स्वर सगळ्यांत एकच आणि जोरकस. पहिलं व्यंजन मात्र क्षणात सरतं. आतल्या कानातल्या केसपेशी किंवा नस दुबळी झाली असेल, तर आवाज वाढवूनही 'साठ'चा 'पाठ' होतो. "ऐकू येतं गं, कळत नाही," माझ्याकडे येणाऱ्या एक आजी म्हणतात, आणि त्यांचं अगदी खरं असतं.

मग कानाचं मशीन घ्यावं का? शंभरातले चाळीसच शब्द आले म्हणून "उपयोग नाही" सांगून माणसाला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. ती चाचणी चेहरा न दाखवता, सुटे शब्द देऊन होते. घरात चेहरा असतो, वाक्य असतं, विषय ठाऊक असतो. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर कितीतरी जास्त शब्द कळतात, हे सम्बी आणि पोलॅक या संशोधकांनी १९५४ सालीच दाखवलं. ओठांवर 'प' आणि 'ब' सारखेच दिसतात. पण 'ब'चा घुमारा मशीनमधून थोडा जरी आला, तरी ती जोडी सुटते. एकट्या डोळ्यांना किंवा एकट्या कानाला हे जमत नाही.

आजींच्या सुनेला मी पदराला लावायचा, थेट आजींच्या मशीनला आवाज पोचवणारा छोटा मायक्रोफोन दिला. स्वयंपाकघरातलं बोलणं आता आजींना बरंच समजतं. चार जणांच्या गप्पा अजूनही निसटतात.

नीट बसवलेल्या मशीनवरही वाक्यं हाती लागत नसतील, तर कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवता येतील का याची, तपासणी करायलाच हवी. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं, ते ठार बहिऱ्या माणसाला. आज मशीन घालूनही शब्द न कळणाऱ्यांनाही ते बसवतात. "आता या वयात कशाला?" असं घरचे म्हणतात. सत्तरी उलटली, एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. मी त्यांना तपासणीची तारीख ठरवूनच घरी जायला सांगते.