मेंढरांच्या वाटेने गेलेले खत

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे कमी पावसाचे तालुके. कालव्यांचे पाणी आणि ऊस येण्यापूर्वी इथले मुख्य पीक बाजरी आणि ज्वारी. भात आमच्याकडे ताटात असे, शेतात नव्हे. तरीही कोकणातल्या भाताशी या कोरड्या माळांचे जुने नाते आहे. ते जोडले मेंढरांनी.

पावसाळा सरला की या पट्ट्यातले आणि शेजारच्या पारनेर, बारामती, फलटणकडचे धनगरांचे वाडे घाट उतरत. कोकणात तेव्हा भाताची कापणी झालेली असे. मोकळ्या खाचरात वाघर लावायची, रात्रभर मेंढ्या बसवायच्या आणि सकाळी पुढच्या शेतात जायचे. मोबदला पैशात किंवा धान्यात मिळे. लेंडीखतात सुमारे 3 टक्के नत्र असते, शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. खत तिकडे गेले, तांदूळ इकडे आला, असा तो व्यवहार होता.

कोकणी शेतकऱ्याचा दुसरा आधार राबाचा. रोपांच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या. इंग्रजांच्या जंगल खात्याने फांद्या तोडण्यावर बंधने आणली, तेव्हा ठाणे-कुलाबा भागात मोठा असंतोष माजला. 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगासमोर राबाचा प्रश्न गाजला. रान कोणाचे, यावर खत कोणाचे हे ठरत होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1951 साली सिंद्रीचा, 1965 साली ट्रॉम्बेचा खत कारखाना सुरू झाला. जुने उंच भात जादा नत्राने लोळत. 1966 साली फिलिपाइन्समधल्या संशोधन संस्थेने दिलेले बुटके ‘आयआर-8’ मात्र खत पचवून उभे राही. देश तेव्हा धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता. पुढे 1980च्या दशकात अलिबागजवळ थळला, भातखाचरांच्या शेजारीच, युरिया तयार होऊ लागला.

माझे अब्बा शिरूरच्या बाजारात हमाल होते. गोणीवरचे ‘सुफला’ हे नाव मी त्यांना वाचून दाखवी. युरियाची गोणी तेव्हा 50 किलोची असे; 2018 पासून ती 45 किलोची झाली. त्या जुन्या गोणीत 23 किलो नत्र. तेवढ्यासाठी साडेसातशे किलोहून अधिक लेंडीखत लागते. शेतकरी गोणीकडे वळला, यात त्याला दोष कसा द्यावा?

पण भाताच्या पाण्यात फेकलेल्या युरियातला मोठा भाग हवेत आणि पाण्यात जातो. म्हणून कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. भाताचे तूस आणि पेंढा जमिनीला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, रोपे ठरावीक अंतरावर लावायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचायच्या. कारखाना आणि पाला असे एकाच खाचरात नांदू शकतात. मग मेंढरू का नाही?

युरिया नत्र देतो. लेंडी मातीला कसही देते. वाडे आजही घाट उतरतात, पण वाटेत रुंद झालेले महामार्ग आहेत, कुंपणे आहेत, आणि आमच्याकडचे चराऊ माळ उसाखाली, वसाहतींखाली गेले आहेत. युरियाच्या अनुदानाची तरतूद दरवर्षी अर्थसंकल्पात होते. घाटाच्या वाटा आणि चराईची राने राखणे, हीदेखील मला खताचीच तरतूद वाटते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)