जोकर : हिंसा आणि दहशतवादाची व्याख्या

जोकर : डीसी कॉमिक्सच्या बॅटमॅन कथांतील प्रमुख खलनायक. बॅटमॅन मासिकाच्या पहिल्याच अंकात (वसंत १९४०) तो प्रथम आला. बिल फिंगर, बॉब केन व जेरी रॉबिन्सन यांची नावे त्याचे जनक म्हणून घेतली जातात. श्रेयाच्या वाटणीबाबत तिघांच्या सांगण्यात मेळ नाही. गॉथम या काल्पनिक अमेरिकी शहरात तो विषप्रयोग, स्फोट, ओलीस धरणे व जाहीर धमक्या या मार्गांनी हिंसा करतो. ही हिंसा दहशतवाद ठरते काय, एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. कायदा व राज्यशास्त्र शिकवताना व्याख्या तपासून पाहण्यासाठी हे पात्र सोयीचे पडते, कारण दहशतीची सर्व साधने त्याच्यापाशी आहेत. संशय आहे तो हेतूबद्दल.

व्याख्येचा प्रश्न : दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या नाही. अलेक्स श्मिट व अल्बर्ट यॉंगमन यांनी १९८८ मध्ये १०९ व्याख्या एकत्र करून त्यांतील घटक मोजले. हिंसा वा बळाचा उल्लेख ८३.५ टक्के, राजकीय स्वरूपाचा ६५ टक्के, तर भीतीचा ५१ टक्के व्याख्यांत आढळला. ब्रूस हॉफमन यांच्यासारखे अभ्यासक राजकीय उद्दिष्टाशिवाय दहशतवाद मानत नाहीत. हा निकष काटेकोर लावला तर जोकर पहिल्याच पायरीवर वगळला जातो. कायद्यांची भाषा मात्र एकसारखी नाही.

ब्रिटनच्या २०००च्या दहशतवादविरोधी कायद्यात कृत्यामागे राजकीय, धार्मिक, वांशिक वा वैचारिक कार्य पुढे नेण्याचा हेतू लागतो. बंदुका वा स्फोटके वापरली असतील तर सरकारवर दबाव आणण्याचा किंवा जनतेला धाक घालण्याचा उद्देश सिद्ध करण्याची गरज उरत नाही. कार्याच्या हेतूची अट तरीही सुटत नाही. अमेरिकी संघीय कायद्याने २००१ मध्ये देशांतर्गत दहशतवादाची जी व्याख्या केली, तिच्यात हेतूचे तीन पर्याय आहेत : नागरी लोकसंख्येला धाक दाखवणे वा तिच्यावर सक्ती करणे, धाकदपटशाने सरकारी धोरणावर प्रभाव पाडणे आणि सामूहिक संहार, हत्या वा अपहरण यांच्या द्वारे सरकारच्या वर्तनावर परिणाम घडवणे. विचारसरणीची अट येथे शब्दात नाही. मात्र या व्याख्येला स्वतःची शिक्षा जोडलेली नाही. खटला अन्य कलमांखालीच भरावा लागतो. जोकरच्या विषारी वायूसाठी त्याच अमेरिकी संघीय संहितेतील सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे कलम अधिक जवळचे आहे. ते दहशतवादविषयक प्रकरणातच असले, तरी त्यात राजकीय हेतू सिद्ध करावा लागत नाही.

भारतीय बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाचे कलम १५ याहून व्यापक आहे. देशाची एकता, अखंडता वा सुरक्षितता धोक्यात आणण्याच्या हेतूइतकाच लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू, किंवा तशी दहशत पसरण्याची शक्यताही, त्यात पुरेशी धरली आहे. साधनांच्या यादीत बॉम्बबरोबर विषे व घातक वायूही आहेत. गॉथम भारतात असते तर अभियोजकाला फार शोधावे लागले नसते. या व्यापकतेवरच टीकाही होते. जुन्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये भेद केला होता : गुन्ह्याचा परिणाम म्हणून लोक घाबरले एवढ्याने भागत नाही, घबराट पसरवणे हाच हेतू असला पाहिजे.

न्यूयॉर्क राज्याचा २००१ चा कायदाही असाच तपासला गेला. ब्राँक्समधील टोळीयुद्धात झालेल्या गोळीबारात एका लहान मुलीचा मृत्यू झाला. आरोपीला दहशतवादाच्या कलमाखाली मिळालेली शिक्षा राज्याच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली व फेरसुनावणीचा आदेश दिला. प्रतिस्पर्धी टोळीवर वचक बसवणे म्हणजे नागरी लोकसंख्येला धाक घालणे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. गॉथमच्या टोळीप्रमुखांशी जोकरच्या ज्या मारामाऱ्या होतात, त्या या निवाड्याने बाजूला पडतात.

कथांतील पुरावा : जोकर हे एक सुसंगत पात्र नव्हे, ऐंशीहून अधिक वर्षांत अनेक लेखकांनी त्याला आपापल्या परीने घडवले. त्यामुळे पात्रावर शिक्का मारण्यापेक्षा एकेक कथा तपासणे योग्य ठरते. चाहत्यांनी केलेली बळींची मोजदाद येथे उपयोगाची नाही.

१९४०च्या पहिल्या कथेत जोकर रेडिओवरून जाहीर करतो, की हेन्री क्लॅरिज मध्यरात्री मरेल व त्याचा हिरा चोरीला जाईल. पोलिसांचा पहारा असूनही तसेच घडते, कारण विष आधीच टोचलेले असते. शहर हादरते, परंतु हेतू चोरीचा आहे. पुढे त्याच अंकात तो आपल्याला तुरुंगात धाडणाऱ्या न्यायाधीशाचा खून करतो, तो सूडापोटी. १९५४च्या कॉमिक्स कोड या प्रकाशकांच्या आचारसंहितेनंतर जोकर चोऱ्या व खोड्यांपुरता उरला. त्या काळातील कथांचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. डेनी ओनील व नील अ‍ॅडम्स यांनी १९७३ मध्ये त्याला पुन्हा खुनी केले. त्या कथेतील बळी त्याच्याच टोळीतील जुने साथीदार आहेत.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा स्टीव्ह एंगलहार्ट व मार्शल रॉजर्स यांच्या १९७८ मधील ‘द लाफिंग फिश’ या कथेत मिळतो. जोकर रसायन टाकून गॉथमच्या पाण्यातील माशांवर आपले हसू उमटवतो आणि त्या माशांचा स्वामित्वहक्क नोंदवून घेण्यासाठी सरकारी कचेरीत जातो. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक माशामागे त्याला वाटा हवा असतो. मासा ही निसर्गातील वस्तू असल्याने नोंदणी होत नाही, असे कारकून सांगतो. मग जोकर मध्यरात्रीची मुदत देतो आणि बॅटमॅन हजर असताना तो कारकून आपल्या घरी मरतो. नकार कायम राहिल्याने पुढच्या अधिकाऱ्याची पाळी येते. मागणी हास्यास्पद आहे, तरी रचना पाहण्याजोगी आहे : सरकारी निर्णय बदलण्यासाठी अधिकाऱ्यांच्या हत्या आणि त्याही जाहीर पूर्वसूचनेने. अमेरिकी व्याख्येतील दुसरा व तिसरा असे दोन्ही पर्याय येथे लागू पडतात. उद्दिष्ट पैशाचे असल्याने ब्रिटिश व्याख्या मात्र लागू होत नाही. या कथेकडे या दृष्टीने जावे तितके लक्ष गेलेले नाही. चर्चा बहुधा ‘द डार्क नाइट’ या नंतरच्या चित्रपटावरच थांबते.

‘अ डेथ इन द फॅमिली’ (१९८८-८९, लेखक जिम स्टार्लिन, चित्रे जिम अपारो) या कथेत दहशतवादी वेगळे आहेत. पैशांच्या चणचणीत सापडलेला जोकर लेबननमध्ये एक क्रूझ क्षेपणास्त्र त्यांना विकायला काढतो. तो विक्रेता आणि ते अरब गिऱ्हाईक. दहशतवादी हे नाव कोणाला लावायचे, याबाबतचा त्या काळच्या अमेरिकी प्रकाशनाचा कल यातून दिसतो. पुढे इराणचे आयातुल्ला खोमेनी त्याला संयुक्त राष्ट्रांतील आपला राजदूत नेमतात आणि तो आमसभेवर विषारी वायू सोडू पाहतो. येथे तो एका राज्यसंस्थेचा हस्तक झाला आहे. मालिकेतील ठळक राजकीय कृत्य हेच, पण हेतू नेमणाऱ्याचा आहे की त्याचा, हे कथा सांगत नाही. ही कथा मुख्यत्वे स्मरणात आहे ती वाचकांच्या दूरध्वनी मतदानामुळे : बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड मरावा या बाजूने ५,३४३ व विरुद्ध ५,२७१ मते पडली.

‘द किलिंग जोक’ (१९८८) मधील हिंसा खासगी आहे. गॉथमचे पोलीस आयुक्त गॉर्डन यांना वेड लावून एक सिद्धांत सिद्ध करणे, हा तिचा उद्देश. त्याला विचारसरणी म्हणावे काय, याबद्दल दुमत संभवते.

चित्रपट : क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये जोकरला पात्रेच दहशतवादी म्हणतात. बॅटमॅनने मुखवटा काढेपर्यंत रोज माणसे मरतील, अशी धमकी. ओलिसाची चित्रफीत वृत्तवाहिनीकडे पाठवणे. एका इसमाला तासाभरात ठार मारा, नाहीतर रुग्णालय उडवतो, असे शहराला सांगणे. दोन बोटींवर परस्परांचे स्फोट घडवणारी कळ ठेवणे, या सर्वांत लक्ष्य सामान्य नागरिक आहेत व त्यांच्याकडून काही करवून घेणे हा उघड उद्देश आहे. नागरी लोकसंख्येवर सक्ती हा निकष येथे निर्विवाद पूर्ण होतो. मिळवलेल्या पैशांच्या ढिगाला तो स्वतःच आग लावतो, म्हणून लोभाचा हेतूही बाद होतो. काही अभ्यासक त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बॉम्बफेक्या अराजकवाद्यांच्या पंक्तीत बसवतात. ही तुलना ताणलेली आहे. १८९४ मध्ये पॅरिसच्या कॅफे टर्मिनसमध्ये बॉम्ब फेकणाऱ्या एमिल आन्रीला बूर्झ्वा समाज मोडायचा होता व त्यानंतर काय हवे याची कल्पना होती. जोकरपाशी ‘नंतर’ नाही. ‘जोकर’ (२०१९) मधील नायकाची हिंसा बहुतांशी व्यक्तिगत आहे. राजकीय अर्थ जमाव लावतो.



वेडेपणाचा मुद्दा : १९७४ पासून कथांत आर्कम हे मनोरुग्णालय येते व जोकर बहुधा तेथेच ठेवला जातो. मनोविकृतीमुळे शिक्षेची पात्रता बदलू शकते, कृत्याचे वर्गीकरण नव्हे.

इतर खलनायक : रास अल घूल (१९७१) याला पृथ्वी वाचवण्यासाठी मानवसंख्या घटवायची आहे आणि त्याच्या हाताशी संघटना आहे. दुसऱ्या कथामालेतील मॅग्नेटो (१९६३) उत्परिवर्तित, म्हणजे जन्मतः विशेष शक्ती असलेल्या, माणसांच्या बाजूने लढतो. दोघेही ब्रिटिश व्याख्येत सहज बसतात.

प्रत्यक्ष घटना : कोलोरॅडोतील अरोरा येथे २० जुलै २०१२ रोजी बॅटमॅनपटाच्या खेळात १२ जण मारले गेले. हल्लेखोराने स्वतःला जोकर म्हणवल्याचे वृत्त पुढे टिकले नाही. आरोप दहशतवादाचे नव्हे, तर खून व खुनाच्या प्रयत्नांचे होते. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी टोकियोत जोकरसारखा पोशाख केलेल्या इसमाने धावत्या रेल्वेत चाकूहल्ला करून आग लावली. त्याच्यावरही खुनाचा प्रयत्न व जाळपोळ यांसाठीच खटला चालला आणि २०२३ मध्ये त्याला २३ वर्षांची शिक्षा झाली.