बापाचे दिवाळे, मुलाचा वाटा

‘दिवाळे’ या शब्दाचा दिव्याशी संबंध सांगतात. सावकार बुडाला की पेढीवर भरदिवसा दिवा लावी. घेणेकऱ्यांनी काय ते समजून जावे. ही व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली, पुढे त्या सावकाराच्या मुलांचे काय होई, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. जुने लॉ रिपोर्ट चाळताना (सनद नाही, नुसती वाचनाची खोड) तो वारंवार समोर आला.

पेच असा. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. पण बापाचे कर्ज फेडणे हे त्याच मुलाचे धर्मकर्तव्य; सूट फक्त दारू-जुगारासारख्या ‘अव्यावहारिक’ कर्जापुरती. म्हणून आधीच्या कर्जासाठी बाप मुलाचा वाटाही विकू शके. मग बाप नादार ठरला, तर कोर्टाच्या ऑफिशियल असायनीकडे काय जाते? बापाचा वाटा, की सगळेच घर?

मुंबई उच्च न्यायालयाचा कौल 1883 च्या फकीरचंद मोतीचंद प्रकरणात घेणेकऱ्यांच्या बाजूने पडला होता. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा इलाखा शहरांसाठी 1909 चा नादारी कायदा आला. त्यात ‘मिळकत’ या शब्दाच्या व्याख्येत, नादाराला स्वतःच्या फायद्यासाठी जिची विल्हेवाट लावता येते अशी मिळकतही धरली होती. घेणेकऱ्यांना हेच हवे होते.

लाहोर उच्च न्यायालयावरील अपिलात, सत नारायण विरुद्ध बिहारीलाल या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने 1924 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. बाप नादार ठरला एवढ्यानेच एकत्र कुटुंबाची सारी मिळकत असायनीकडे जात नाही, असे ठरले. पाठ्यपुस्तके हा मुलांचा विजय म्हणून सांगतात. मला तो अर्धाच वाटतो. त्याच निकालाने कलम 52 चे दार उघडे ठेवले: बापाचा विकण्याचा अधिकार योग्य प्रकरणी असायनीला वापरता येईल. फरक एवढाच, की घर आपोआप जाणार नाही. अधिकार वापरावा लागेल आणि कर्ज अव्यावहारिक होते, असे मुलाला म्हणता येईल. मात्र ते सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर. अज्ञान पोराने बापाचा जुगार कोर्टात कसा सिद्ध करायचा?

इलाखा शहरांबाहेर लागू असलेल्या 1920 च्या कायद्यात कलम 52 सारखी तरतूदच नव्हती, त्यामुळे तिथे उच्च न्यायालयांत मतभेद माजले. अखेर 1948 मध्ये कलम 28-अ घालून बापाचा हा अधिकार ‘पूर्वीपासूनच’ नादाराच्या मिळकतीत धरला गेला. मागे जाऊन बदललेला कायदा! सावकाराला उसंत मिळाली, मुलाची गेली.

धर्मकर्तव्याचा हा धागा 9 सप्टेंबर 2005 ला तुटला. ज्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः समान हक्क दिला, तिनेच केवळ या कर्तव्यापोटी मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वसुली करायला कोर्टांना मनाई केली. त्या तारखेपूर्वी काढलेल्या कर्जांना मात्र जुनाच नियम लागू राहिला.