सेवेची लेखणी : मावळातील एका शिक्षणविचाराचा मागोवा

पुण्याहून लोहमार्गाने लोणावळ्याकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत तळेगाव दाभाडे लागते. सरदार दाभाड्यांचे गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांस ते परिचित आहे. परंतु विद्यार्थ्याने संपादिलेली विद्या ज्या समाजाच्या अन्नावर तो वाढला त्याच्या उपयोगी पडावी, या विचाराची एक मोठी कसोटी याच गावी पाहिली गेली, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास या विचारास ‘सेवाधिष्ठित अध्ययन’ अशा अर्थाचे नाव मिळाले. पुढे तेथील विद्यापीठांच्या लेखनवर्गांतील विद्यार्थी लोकांच्या संस्थांसाठी पत्रके, अर्ज व अहवाल लिहू लागले. नाव नवे खरे. वस्तू मात्र आपणांस अपरिचित नाही.

तिचा प्रारंभ शोधू जाता आपण पुण्यास येतो. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या बालविद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. शाळेत मिळालेले अक्षर आपल्या लोकांची व्यथा जगापुढे मांडण्यासाठी वापरावे, याचे याहून थोर उदाहरण कोणते द्यावे? पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीरावांनी निरक्षर कुणब्याची कागदपत्रांच्या आधारे कशी नाडवणूक होते हे दाखविले. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती जमीन, हा त्यातील बोध होय.

वंगभंगानंतर राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ उभी राहिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली समर्थ विद्यालय स्थापिले व पुढे ते तळेगावी आले. मराठीतून शिक्षण द्यावे, आणि पुस्तकी विद्येस उद्योगाची जोड असावी, असा त्यांचा आग्रह होता. ‘ग्रंथमाला’ मासिक चालविणाऱ्या या पुरुषास लेखन हे लोकशिक्षणाचेच साधन वाटे. त्याच गावी १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून घरोघर एकेक पैसा गोळा करून तो उभा राहिला. एकीकडे विद्या, दुसरीकडे उद्योग, आणि दोहोंच्या मुळाशी लोकांचे साहाय्य, असा तो योग होता.

परंतु लेखणीची किंमत मोजावी लागली. १९०८ साली ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखावरून विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस कारावास घडला. १९१० साली सरकारने विद्यालय बंद पाडले. सुटकेनंतर तळेगावी पुन्हा शाळा उभी करण्यासाठी ते झटले. १९२६ साली त्यांचे निधन झाले. संस्थेची परंपरा मात्र तेथे टिकून राहिली.

तथापि एक उणीव प्रांजळपणे सांगितली पाहिजे. राष्ट्रासाठी लिहिणारी ही लेखणी डोंगरातील मावळ्यापर्यंत क्वचितच पोचली. लोणावळ्याच्या परिसरात टाटांची धरणे झाली आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईस वीज जाऊ लागली. १९२१ साली शेजारच्या मुळशी खोऱ्यात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी सत्याग्रह केला. नंतर पवना धरणात मावळची गावे गेली, आणि तेथील पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. भूसंपादनाची नोटीस, मोबदल्याचा हिशेब, सातबाऱ्याचा उतारा हे सारे कागद ज्यांच्या नावे निघाले, त्यांतील कितीकांस ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले! ज्या घरी वाचणारा कोणी नव्हता त्या घरचा अंगठा कशावर उमटला, हे त्या घरासच कळले नाही.

१९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू होऊन विद्यार्थ्यांची शिबिरे खेडोपाडी भरू लागली. रस्ते झाले, झाडे लागली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभागाच्या प्रकल्पास पदवी अभ्यासक्रमात श्रेयांकही मिळू लागले. पण श्रेयांकासाठी गावी जाणे निराळे आणि गावाचे म्हणणे ऐकून ते शुद्ध भाषेत कागदावर उतरविणे निराळे. फावडे दोन दिवसांनी खाली ठेवता येते. लिहिलेला शब्द मात्र कचेरीच्या दप्तरात राहतो.

यास्तव ज्ञातिबांधवांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी सुटीत एखाद्या वृद्धाजवळ बसावे. धरणाखाली गेलेल्या घराची, शेताची, देवळाची हकीकत त्याच्या तोंडून लिहून घ्यावी. ती त्यास वाचून दाखवावी, आणि तो म्हणेल तेथे दुरुस्त करावी. त्याचा एखादा अर्ज अडला असेल तर तो नीट लिहून द्यावा, व कसा लिहावा हे घरातील नातवासही शिकवावे. यात उपकाराची भावना नसावी. कारण या बैठकीत शिकणारा प्रामुख्याने विद्यार्थीच असतो. मुक्तेच्या निबंधास आणि विजापूरकरांच्या कारावासास हीच खरी आदरांजली ठरेल.