सायकलीची विद्युत मोटर : घरगुती बांधणीसाठी निवड

साध्या सायकलीला मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी जोडून ती विजेवर चालवताना मोटरीचा प्रकार, ताकद आणि फेरे ठरवण्याची रीत. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्टीच्या जिल्ह्यांत ही निवड शहरातल्यापेक्षा वेगळी पडते. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी हा वैनगंगेकाठचा धानाचा मुलूख बराचसा सपाट आहे. एटापल्ली, भामरागड, कोरची या बाजूला डोंगर, मुरमाचे चढ आणि नाल्यांवरचे रपटे लागतात. कॅरिअरवर धानाचे पोते, तेंदूपत्त्याचे ओझे नाहीतर दुसरा माणूस असतो. गावे विरळ, मधला रस्ता जंगलाचा आणि जंगल वाघाचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या माणसाची बॅटरी वाटेत संपली, तर सायकल पायडल मारत घरी आणता यायला हवी. मोटर निवडताना सगळ्यात आधी हे पाहावे. वेग आणि किंमत त्यानंतर.

घरगुती बांधणीत तीन प्रकारच्या मोटरी येतात. पहिली थेट चालणारी हब मोटर. तिचे कवच हाच चाकाचा तुंबा असतो, आत दाते नसतात, झीज जवळपास नसते आणि उतारावर थोडी वीज परत मिळवता येते. पण ती जड असते आणि वीज नसताना तिची चुंबके चाकाला मागे ओढत राहतात. दुसरी गिअर असलेली हब मोटर. हिच्यात आतली छोटी मोटर चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरते आणि नायलॉनच्या दात्यांतून चाकाला जोर देते. वजन दोन-तीन किलो. आत एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्यामुळे वीज गेली की चाक साध्या सायकलीसारखे मोकळे फिरते. तिसरी कार्बन ब्रशची डीसी मोटर, जी फ्रेमला कसून चेनने चाकाला जोडतात.

वॅटचा आकडा पाहून मोटर घेणारे बहुतेक लोक फसतात. चालक, सायकल, बॅटरी आणि ओझे मिळून ११० किलो धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किमी वेगाला चाकापाशी १२० वॅटच्या आसपास लागतात. तेच वजन शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर ताशी १५ किमीने न्यायचे तर ३०० वॅट हवेत. वेग १० वर उतरवला की २०० वॅटमध्ये तोच चढ निघतो आणि त्यातला काही भाग पायांनी देता येतो. म्हणजे २५० वॅटची मोटर या मुलखाला पुरते, पण तिला मिनिटाला अवघ्या ७५-८० फेऱ्यांवर २५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क टिकवता आला पाहिजे. हलकी थेट हब मोटर इतक्या मंद गतीला अडखळते आणि विजेचा मोठा वाटा तांब्याच्या तारेत उष्णता होऊन जातो. गिअरची मोटर आतून वेगाने फिरत असल्याने हेच काम सोसते. त्यामुळे जंगलपट्टीत बहुतेकांनी मागच्या चाकात गिअरची हब मोटर घ्यावी.

फेऱ्यांचे गणित सोपे आहे. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर, म्हणून ताशी २५ किमीला मिनिटाला १९० फेऱ्या होतात. ३६ व्होल्टवर मोकळी फिरताना २०० फेऱ्यांच्या आसपास जाणारी गुंडाळी मागून घ्यावी. ३०० फेऱ्यांची मोटर सपाटीवर छान पळते, पण चढावर कमी पडते.

बसवताना खरी अडचण जुन्या काळ्या सायकलीची येते. तिच्या पुढच्या रिंगला ३२ आणि मागच्या रिंगला ४० भोके असतात. बाजारातली हब मोटर बहुधा ३६ भोकांची. त्यामुळे रिंग बदलावी लागते, स्पोकही आखूड लागतात आणि चाक नव्याने गुंफून आऊट काढावा लागतो. मागचा चिमटा या मोटरींना अरुंद पडतो, तो नीट सरळ ठेवून फाकवावा लागतो. पुढच्या चाकात मोटर बसवणे सोपे, पण कॅरिअरवर ओझे असले की पुढचे चाक हलके होऊन मुरमाच्या चढावर घसरते. मोटरीचा दांडा साधारण १० मिलिमीटरच्या दोन सपाट बाजूंवर चिमट्यात अडकलेला असतो. मोटरीने ४० न्यूटन-मीटर टॉर्क दिला की त्या इवल्याशा जागेवर जवळपास ४०० किलो वजनाइतका जोर येतो. टॉर्क आर्म, म्हणजे दांड्याला धरून फ्रेमशी बांधणारी पोलादी पट्टी, लावल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणूच नये. दांडा फिरला की वायर पिळून तुटते आणि चाक निखळते.

ब्रशची मोटर कमी दर्जाची समजतात, हे मला पटत नाही. कोळसा खाणी आणि शेतीपंपांमुळे चंद्रपूर-बल्लारपूर भागात मोटरी गुंडाळणारे कारागीर आहेत. ब्रश घासला, तार जळली तर त्यांना ही मोटर उघडता येते. मात्र २४ व्होल्टची साधी २५० वॅट मोटर मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेऱ्या फिरते. एका चेनने तेवढा वेग उतरत नाही, म्हणून गिअरपेटी जोडलेलीच घ्यावी. ३०० फेऱ्यांची पेटी, मोटरीवर ९ दात्यांचे आणि चाकावर १६ दात्यांचे फ्रीव्हील, असा मेळ २८ इंची चाकाला ताशी सुमारे २२ किमी देतो. मोटरीची चेन वेगळ्या फ्रीव्हीलवर असली की पायडलही मोकळे राहते.

केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ प्रमाणे ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असलेली दुचाकी मोटर वाहन धरली जात नाही. मात्र त्यासाठी मान्य चाचणी संस्थेची पडताळणी लागते. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशीच एक संस्था. ३५० किंवा ५०० वॅटचा संच लावला की ही सवलत संपते आणि नोंदणी, परवाना, विमा यांचा प्रश्न उभा राहतो.

चाकाच्या तुंब्यात मोटर ठेवण्याचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्येच मिळाले होते. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी मोटरीची मदत असलेली पायडल रिक्षा विकसित केली. ओझे वाहणाऱ्या माणसाचे कष्ट कमी करणे हाच तिचा हेतू होता.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो. निओडिमियमची साधी चुंबके ८० अंशांपुढे जोर गमावू लागतात. ३६ व्होल्टच्या २५० वॅट मोटरीला १५ अँपिअरपर्यंतचा कंट्रोलर पुरे. त्याहून मोठा लावून जोर वाढवला तर नायलॉनचे दाते आधी झिजतात आणि मग गुंडाळी जळते. चढ संपल्यावर थांबून कवचाला हात लावावा. गिअरच्या मोटरीत गुंडाळी आणि कवच यांच्यामध्ये हवेची पोकळी असते, म्हणून कवच नुसते गरम लागले तरी आतली तार त्याहून बरीच तापलेली असते. अशा वेळी मोटर बंद करून सावलीत थांबावे.