राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराची विद्या

गतवर्षी आपल्या मंडळाकडे विद्यार्थिवृत्तीसाठी जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी होता. तो वाचून होताच समितीतील एका वयोवृद्ध सभासदांनी पृच्छा केली, "हे शिकून मुलगी पुढे करणार काय?" प्रश्न रास्त होता. वैद्यक, स्थापत्य, वकिली, हिशेबतपासणी ही विद्येची दारे आपल्या कुटुंबांच्या परिचयाची आहेत. हे दार नवे. आम्हांसही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. म्हणून या विषयाचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात निवेदन करण्याचे योजिले आहे.

विषय नवा असला तरी त्यातील विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याने राजमंडलाची कल्पना मांडली. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा दिला, तो तर आजही वाचण्यासारखा आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, सबब वखारीसाठी समुद्रकिनारी वा खाडीलगत त्यांस जागा देऊ नये, असा त्याचा आशय. व्यापाराआड दडलेली राजसत्ता ओळखणारी ही दृष्टी होती. परंतु तो एका अनुभवी मुत्सद्द्याचा उपदेश होता. पाठशाळेत शिकविण्याचे शास्त्र नव्हते. ते शास्त्र जन्मास आले शोकातून.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील महाविद्यालयांचे वर्गच्या वर्ग रणांगणावर गेले आणि त्यांतील कित्येक तरुण परतलेच नाहीत. वेल्स प्रांतातील ॲबरिस्टविथ या सागरतीरीच्या लहानशा गावी असलेल्या महाविद्यालयाचीही हीच कथा. डेव्हिड डेव्हिस नावाचे एक धनिक पार्लमेंटचे सभासद होते. त्यांच्या आजोबांनी कोळशाच्या खाणींवर अमाप संपत्ती मिळविली होती. डेव्हिस स्वतः त्या युद्धात पलटणीचे अधिकारी म्हणून लढून आले होते. त्यांनी व त्यांच्या ग्वेन्डोलिन आणि मार्गारेट या दोघी भगिनींनी कामी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ २०,००० पौंडांची देणगी दिली. तिच्यातून १९१९ साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन स्थापन झाले. या विषयाचे जगातील हे पहिले अध्यासन. पुढे त्यास अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले. मृतांच्या स्मरणार्थ दगडी स्तंभ त्या काळी गावोगावी उभारले जात होते. या बंधुभगिनींनी त्याऐवजी एक विषय उभारला, हे आम्हांस विशेष वाटते.

पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे मूळचे प्राचीन ग्रीसचे अभ्यासक. राष्ट्रे एकमेकांस समजून घेऊ लागली, तर युद्धे टळतील, ही त्या पिढीची श्रद्धा होती. १९२४ साली लंडनच्या अर्थशास्त्रविषयक संस्थेत असेच अध्यासन निघाले, १९२७ साली जिनीव्हा येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि १९३० साली ऑक्सफर्डचे अध्यासन झिमर्न यांच्याकडेच आले.

श्रद्धेची परीक्षा मात्र लवकरच झाली. १९३६ साली ॲबरिस्टविथच्या त्याच अध्यासनावर ई. एच. कार यांची नेमणूक झाली. दात्या डेव्हिस यांस ही निवड मुळीच रुचली नव्हती, आणि त्याचे कारण १९३९ साली जगास कळले. कार यांनी आपल्या ग्रंथात नेमक्या त्या श्रद्धेवरच आघात केला. नुसत्या सदिच्छेने शांतता येत नाही. सत्ता कोणाच्या हाती आहे आणि 'सर्वांचे हित' या शब्दांआड कोणाचे हित लपले आहे, हे आधी पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन. अमात्यांची आठवण व्हावी असा हा विचार! त्याच सुमारास, १९३८ च्या नोव्हेंबरात, डेव्हिस यांच्याच पुढाकाराने कार्डिफ येथे उभ्या राहिलेल्या शांतिमंदिराचे उद्घाटन महायुद्धात तीन पुत्र गमावलेल्या एका मातेच्या हस्ते झाले. वर्षही लोटले नाही तोच दुसरे महायुद्ध पेटले. कार यांचे म्हणणे खरे ठरले, असे म्हणावे लागते. परंतु त्या मातेच्या उपस्थितीस अर्थ नव्हता, असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे भारतमंत्री माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या. देश परतंत्र, तरी तो राष्ट्रसंघाचा मूळ सभासद. असा विलक्षण प्रकार! नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे त्यांच्यामागून अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री हे १९२१ साली राष्ट्रसंघात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. याच समाजाचे पुढील काळातील अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी १९४३ साली स्थापन झालेल्या जागतिक व्यवहारविषयक भारतीय परिषदेची धुरा स्वातंत्र्यानंतर वाहिली. तिच्याच छत्राखाली १९५५ साली दिल्लीतील सप्रू हाऊसमध्ये या विषयाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. अप्पादोराय हे त्याचे पहिले संचालक. पुढल्याच वर्षी कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातही या विषयाचा विभाग निघाला. गोखल्यांच्या पुण्यातील रोपट्याची एक फांदी अशी दिल्लीपर्यंत पोचली, हे महाराष्ट्रात फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

सप्रू हाऊसच्या विद्यालयाने निरनिराळ्या प्रदेशांच्या अभ्यासावर भर दिला. चीन, रशिया, पश्चिम आशिया यांविषयी इंग्रजांनी लिहिलेली पुस्तके वाचून मत बनविण्यापेक्षा आपल्या माणसांनी आपल्या दृष्टीने अभ्यास करावा, हा हेतू. १९६२ च्या चीन युद्धाने अशा अभ्यासाची निकड कोणासही पटेल इतकी कठोरपणे दाखविली. १९७० साली हे विद्यालय जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन शाखेच्या रूपाने आजही चालू आहे.

"पुढे करणार काय?" यास उत्तर म्हणून परराष्ट्र सेवा, अध्यापन, वृत्तपत्रे, संशोधनसंस्था ही नावे सांगता येतात, आणि पुढील बैठकीत आम्ही ती सांगितलीही. परराष्ट्र सेवेसाठी अमुकच विषयाची पदवी लागत नाही, तेव्हा हा काही हमखास नोकरीचा मार्ग नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले. त्या वृद्ध सभासदांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले व ॲबरिस्टविथच्या देणगीचा आकडा पुन्हा एकदा विचारला. विद्यार्थिवृत्ती मंजूर झाली. एकमताने नव्हे, बहुमताने. त्यांचे मत कोणत्या बाजूस पडले, ते त्यांनी आम्हांस सांगितलेले नाही.